बाबांच्या जिप्सीत १.६ : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवतोय, कारण असल्या कामात कुठला बोल्ट कुठून काढला ते दोन महिन्यांनी अजिबात आठवत नाही.

गाडी बाबांनी १९९८ ला घेतलेली जिप्सी किंग. कार्ब्युरेटरवाली, जी१३बीए इंजिन, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह, कंपनीच्या हिशेबाने ६० बीएचपी. पंधरा वर्षं झाल्यावर दोनदा पासिंग करून घेतलं, मग २०२३ ला आरसीची मुदत संपली आणि तेव्हापासून गाडी वेल्ह्याकडे मामाच्या शेतावर असते. खत, पाण्याचे ड्रम, पावसाळ्यात भाताची रोपं, सगळं तीच ओढते. अडचण एकच, वरच्या खाचराकडे जाणारी चढण. लो रेंजला (चढणीसाठीचे हळू पण जोरदार गिअर) दुसऱ्या गिअरमध्ये, मागे आठ पोती घेऊन निघालं की निम्म्यात दम सोडते, पहिला टाकावा तर चाकं जागेवर फिरायला लागतात आणि खड्डा पडतो. तिथे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे नाही, कमी फेऱ्यांवरचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर पाहिजे.

म्हणून मारुती बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन. जुनी बलेनो, १९९९ ला आली ती सेडान, नंतरची हॅचबॅक नाही. जी१६बी, १५९० सीसी, १६ व्हॉल्व्ह. आकडे बघितले की कळतं मला हेच का पाहिजे ते: आपल्या १.३ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५ मिमी, १.६ चा बोअर ७५ आणि स्ट्रोक ९०. म्हणजे बोअर एका मिलिमीटरनेच मोठा, जे काय वाढलंय ते स्ट्रोकमध्ये. घरचंच इंजिन आहे, एकाच कुटुंबातलं, फक्त उंच.

डिझेल टाक असं दहा जणांनी सांगितलं. नाही टाकणार. जिप्सी एक टनाच्याही आत आहे, तिचा सगळा जीव त्या हलकेपणात आहे, पुढच्या पाट्यांवर जड डिझेल ठेवलं की चिखलात नाक खाली घालून बसेल.

२१ जानेवारी

कागदांचं आधी लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ आहे, आरसीवरची माहिती कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. दुसऱ्या मॉडेलचं मोठं इंजिन म्हणजे तोच बदल. त्यामुळे ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं, शेतापासून गॅरेजपर्यंत फ्लॅटबेडवर येणार, फ्लॅटबेडवरच जाणार. आणि मूळ १.३ विकायचं नाही. ग्रीस लावून, सगळी तोंडं बंद करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फडताळाखाली ठेवायचं. बाबांची गाडी आहे, उद्या कोणाला मूळ रूपात हवी असेल तर मिळाली पाहिजे.

४ फेब्रुवारी

तीन रविवार फिरल्यावर इंजिन मिळालं. मागून ठोकलेल्या बलेनोचं, पुढची बाजू शाबूत. नाना पेठेत चौकशी केली, भोसरीला बघितलं, शेवटी एका भंगारवाल्याकडे अख्खी गाडी उभी होती ती सापडली आणि हे फार बरं झालं, कारण सुटं इंजिन घेतलं की वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सेन्सर, थ्रॉटल केबल, एकेक वस्तू शोधत पेठा पालथ्या घालाव्या लागतात. मी इंजिनासोबत पूर्ण लूम, म्हणजे वायरींचा गठ्ठा, डॅशबोर्डपर्यंत उचललं, एकही वायर कापू दिली नाही. त्यात इमोबिलायझर (चोरीविरोधी इलेक्ट्रॉनिक कुलूप) नव्हता, एक मोठा त्रास वाचला. बिलावर इंजिन नंबर लिहून घेतला आणि त्या गाडीचं रजिस्ट्रेशन रद्द झाल्याच्या कागदाची झेरॉक्स घेतली. ज्याला कोणाला करायचंय त्याने हे दोन कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

काढायच्या आधी बॅटरी लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं: १७५, १७८, १७०, १७६ पीएसआय. चारही जवळजवळ, मला तेवढं पुरे.

१८ फेब्रुवारी

काम दाजींच्या गॅरेजमध्ये, नऱ्ह्याला. दाजी आठवडाभर लोकांच्या गाड्या करतात आणि रविवारी माझी. जुनं इंजिन आज बाहेर आलं. चेन ब्लॉक, दोन माणसं, अडीच तास.

१.६ स्टँडवर. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, पुढचं-मागचं ऑइल सील, सगळं नवीन. बाहेर असताना हे करायला एक दुपार लागते, आत गेल्यावर दोन दिवस.

१० मार्च

बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) जिप्सीच्याच गिअरबॉक्सची ठेवली, मुख्य बोल्ट जुळले. पण बलेनो फ्रंट व्हील ड्राइव्ह, आडवं इंजिन, त्यामुळे दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, जिप्सीच्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक ज्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं ते आमच्या इंजिनात नव्हतंच. दोन, स्टार्टर जिप्सीचा बसणार म्हणजे रिंग गिअरही त्याच्या दातांचा पाहिजे. फ्लायव्हीलचं (इंजिनामागचं जड चाक, रिंग गिअर त्याच्यावरच असतो) सगळं भोसरीच्या लेथवाल्याकडे दिलं, क्रँकच्या मागच्या तोंडाचा कागदावर ठसा घेऊन, सोबत क्लच प्लेट आणि बेअरिंग देऊन. हा माणूस डायल गेज लावल्याशिवाय वस्तू हातात देत नाही. फिरवून दाखवलं, काटा हलला न हलल्यासारखा. बॅलन्सिंगही करून घेतलं. इथे पैसे वाचवू नका, फ्लायव्हील तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर फिरत असतं.

९ एप्रिल, पाडवा

सुट्टी होती म्हणून सकाळी गुढी उभारली, जेवलो आणि तीनला गॅरेजवर. इंजिन पहिल्यांदा गाडीत टांगून बघितलं आणि जे वाटलं होतं तेच, संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, पुढच्या अ‍ॅक्सलवर बसतोय.

हे नीट सांगतो कारण अख्ख्या कामाचा जीव इथे आहे. बलेनोच्या खाली अ‍ॅक्सल नाही, त्यामुळे तिचा संप कुठेही खोल असला तरी चालतं. जिप्सीला पुढे आडवा अख्खा अ‍ॅक्सल आहे, त्यात डिफरन्शियलचा गोळा, आणि खड्ड्यात गेलं की पाटे दबून तो वर येतो. उभी गाडी बघून बोटभर जागा दिसते म्हणून खूश व्हायचं नाही. आम्ही दोन्ही बंप स्टॉप (पाटे पूर्ण दबले की अडवणारे रबर) टेकेपर्यंत जॅकने अ‍ॅक्सल वर घेतला, तेव्हा संप चक्क अडीच इंच आत घुसत होता.

इंजिन वर उचलावं तर बॉनेट. १.६ चा ब्लॉक लांब स्ट्रोकमुळे उंच, वरची जागा आधीच खाल्लेली. मागे सरकवावं तर फायरवॉल. म्हणजे संप कापायचा.

इंजिनाचे माउंट, म्हणजे आधार, आज टॅक करून (थोडंसंच वेल्ड करून) ठेवले, ६ मिमीची प्लेट, जिप्सीचेच रबर. पक्कं वेल्डिंग संप झाल्यावर.

२८ एप्रिल

गॅरेजच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं इतकं ऊन, पण संप झाला.

पुढचा खोल भाग कापून उथळ केला आणि जेवढं तेल तिथे गेलं तेवढी जागा मागच्या बाजूला वाढवली, अ‍ॅक्सलच्या मागे. वेल्डिंग टिगने. मग रॉकेल भरून रात्रभर स्टुलावर ठेवला, खाली वर्तमानपत्र. सकाळी एका कोपऱ्यात आठ आण्याएवढा डाग होता, तिथे परत मारलं, परत रात्रभर ठेवला. आता कोरडा आहे.

संपची जागा बदलली की तेल ओढणारा स्ट्रेनरही मागे न्यावा लागतो, पाइप वाढवून. आणि स्ट्रेनरचं तोंड तळापासून किती वर आहे ते बाहेरून दिसत नाही. फार खाली असेल तर तेल ओढताना कोंडतो, फार वर असेल तर तेल थोडं कमी झालं की हवा ओढतो. दाजींनी मला घरी पाठवलं, आईकडून कणकेचा गोळा आण म्हणाले. आईने पोळ्यांच्या कणकेतला घट्ट मळून दिला. तो स्ट्रेनरच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद लावून त्यावर ठेवला, संप गॅस्केटसकट चढवला, चार बोल्ट आवळले, परत काढला. कणीक दबून चपटी झाली होती, तिला ब्लेडने मधोमध कापून व्हर्नियर लावला: १४ मिमी. दाजींना आठ ते दहा पाहिजे होतं. पाइपचा ब्रॅकेट खाली घेतला, नवा गोळा, परत: ९. तिथे थांबलो.

त्याच कणकेचे तीन गोळे व्हॉल्व्ह कव्हरवर ठेवून बॉनेट हळूच लावून बघितलं. सगळ्यात पातळ ठिकाणी ११ मिमी. इंजिन हललं तरी लागणार नाही.

२५ मे

माउंट पक्के. इंजिन आत, गिअरबॉक्स जोडला. ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) रबर माउंट नवीन घातले, जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये छोटा शाफ्ट, त्यामुळे जास्तीचा टॉर्क आला की ती जागेवर पिळली जाते आणि पहिला मार या रबरांना बसतो.

डिपस्टिक. संप बदललाय, इंजिनाचा कोनही बदललाय, म्हणजे जुन्या खुणा खोट्या. स्ट्रेनर पूर्ण बुडून वर किती तेल पाहिजे ते बाहेरच संपमध्ये अर्धा-अर्धा लिटर ओतून मोजून ठेवलं होतं, आता गाडी सपाट फरशीवर उभी करून तेवढं तेल घातलं, दहा मिनिटं थांबलो, काडी बुडवली आणि तेल जिथवर आलं तिथे कानशीने नवी खूण केली. जुन्या दोन्ही घासून टाकल्या म्हणजे मामांचा गोंधळ होणार नाही.

१६ जून

पेट्रोलची लाइन. कार्ब्युरेटरच्या गाडीला इंजिनावरचा मेकॅनिकल पंप असतो, त्याचं प्रेशर अगदी किरकोळ. इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतं. म्हणून इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ खाली बसवला, त्याआधी फिल्टर, नंतर फिल्टर, आणि टाकीत परत जाणारी लाइन. जुने रबरी पाइप सगळे काढून टाकले. साधा पाइप आणि साधी क्लिप इथे चालत नाही, प्रेशरला पाइप निसटला तर पेट्रोलचा फवारा थेट गरम मॅनिफोल्डवर. इंजेक्शनचा पाइप, इंजेक्शनच्या क्लिपा, आणि पंपाच्या रिलेला वेगळा फ्यूज. गेज लावून बघितलं, अडीचच्या वर थांबला, पंप बंद केल्यावर काटा हळूहळू खाली आला. बरं आहे.

३० जून

पालख्या आज पुण्यात, रस्ते बंद, वायरिंगवाले काका येऊ शकले नाहीत. मी एकट्याने लूम फरशीवर पसरून प्रत्येक सॉकेटला चिठ्ठी बांधली. एअरबॅगचं, एसीचं, पॉवर विंडोचं काहीच लागत नाही, पण कापायचं नाही, टेप करून बाजूला.

२८ जुलै

गुरुवारी, २५ तारखेला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत घरांमध्ये शिरलं. काकांची बहीण तिथे तळमजल्यावर राहते. गॅरेज उंचावर, इथे काही झालं नाही. आज सगळे तिकडेच होतो, गाळ काढायला. गाडीला हात लावला नाही.

१ सप्टेंबर

सुरू झाली!

आधी प्लग काढून नुसतं क्रँक केलं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. पंधरा-वीस सेकंद क्रँक, थांबा, परत. तिसऱ्या वेळी दिवा विझला तेव्हा मी सुटकेचा श्वास घेतला, कारण तो वाढवलेला पाइप आणि ते ९ मिमी आता खरे ठरले. मग प्लग लावले, पंप चालू, चावी. दुसऱ्या झटक्यात लागली. एक्झॉस्टला अजून सायलेन्सर नाही, शेजारच्या वर्कशॉपमधली पोरं धावत आली. आई फोनवर होती, तिला आवाज ऐकवला, ती म्हणाली बाबा असते तर आज जेवायलाच आले नसते.

पण आयडल (उभ्या गाडीतले इंजिनाचे फेरे) स्थिर नाही, आणि चेक लाइट चालू. डायग्नोस्टिक कपलरमध्ये वायरचा तुकडा घालून दिव्याच्या उघडझाप मोजली: दोन, मग चार. कोड २४, स्पीड सेन्सर. बरोबरच आहे, जिप्सीला स्पीडोमीटर केबलवर चालतो, ईसीयूला गाडी चालतेय की उभी आहे हेच कळत नाही. केबलच्या मध्ये बसणारा सेन्सर शोधून टाकायचा.

१५ सप्टेंबर

सेन्सर बसला, कोड १२ आला म्हणजे सगळं ठीक. पण गरम होतेय. बलेनोच्या वॉटर पंपावर पंखा नसतो, म्हणून इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरला लावलाय. उभ्या गाडीत वीस मिनिटांत काटा वर. सगळ्यांनी हवा अडकली असेल म्हणून सांगितलं, गाडीचं नाक वर करून, कॅप उघडी ठेवून हवा काढली, फरक नाही. ८२ डिग्रीचा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून बघितला, उघडतोय. शेवटी दाजींनी वहीचा कागद रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरला. कागद चिकटायला पाहिजे होता, तो उडून खाली पडला. पंखा उलटा फिरत होता, मी दोन वायरी उलट जोडल्या होत्या, त्यामुळे हवा आत ओढण्याऐवजी पुढे ढकलत होता. वायरी बदलल्या, कागद जाळीला घट्ट चिकटला. अर्धा तास चालवली, काटा मध्यावर येऊन थांबला.

१२ ऑक्टोबर, दसरा

सायलेन्सर झाला, ब्रेक पाइपशेजारी हीट शील्ड लावलं. पान्यांची आणि गाडीची पूजा केली, झेंडूचा हार. मग फ्लॅटबेडवर चढवली आणि वेल्ह्याला.

चढण चढली. रिकामी होती, तरी लो रेंजला दुसऱ्यात एकदाही क्लच न दाबता, पायाखाली अजून शिल्लक होतं. मामा बाजूला उभे राहून नुसते बघत होते.

पण उतरताना ऑइलचा दिवा लुकलुकला. अर्धा सेकंद, परत, परत. तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, ब्रेकवर धरून ठेवली, चाकांमागे दगड लावले. डिपस्टिक बघितली, तेल खुणेवर. मग डोक्यात आलं. चढताना तेल मागे जातं, स्ट्रेनर मागेच आहे, प्रश्न नाही. उतरताना सगळं तेल पुढच्या उथळ भागात जाऊन बसतं आणि मागे स्ट्रेनर उघडा पडतो. सपाट फरशीवर हे कधीच दिसलं नसतं. इंजिन ब्रेकिंगवर आरपीएम वर असतो, म्हणजे नेमकं बेअरिंगना तेल जास्त लागतं तेव्हाच हवा.

उतारावरून ट्रॅक्टरने मागून दोर बांधून, इंजिन बंद ठेवून उतरवली. एका सेकंदाच्या दिव्यावर पण चालवायची नाही.

२७ ऑक्टोबर

संप परत खाली. अ‍ॅक्सल जॅकने खाली सोडून संप तिरका काढता आला, इंजिन उचलावं लागलं नाही.

खोल भागाच्या पुढच्या काठावर आडवा पत्रा वेल्ड केला, बॅफल. मधोमध एक खिडकी आणि तिला आतल्या बाजूला बिजागरीवर छोटं दार. पुढून मागे येणारं तेल दार ढकलून आत येतं, मागून पुढे जायला लागलं की दार त्याच तेलाच्या दाबाने बंद होतं. वरून अर्धं झाकण. दार अडकायला नको म्हणून बिजागरीची पिन मुद्दाम सैल ठेवली आणि दोन्ही टोकं वेल्डने बंद केली, निघून तेलात पडली तर सगळं गेलं. गॅरेजमध्येच संपमध्ये तेल ओतून तो २५ अंशात पुढे कलता धरला, आम्ही दोघं हातात धरून आणि काकांकडे मोबाइल. एक मिनिटानंतरही स्ट्रेनरच्या जागी तेल होतं. बॅफलशिवाय जेमतेम तीन सेकंद राहिलं असतं.

परत कणीक, परत मोजलं. ९.

१० नोव्हेंबर, शेतावर

दिवाळीनंतर. भात कापून झालंय, वरच्या खाचरातला पेंढा आणायचाय, आणि वर न्यायला शेणखताची आठ पोती. मामा शेजारी बसले. लो रेंज, दुसरा. मागच्या वर्षी जिथे दम सोडायची तो आंब्याचा बुंधा मागे गेला तेव्हा मामांनी डॅशवर हात ठेवला, काही बोलले नाहीत. चाकं फिरली नाहीत, खड्डा पडला नाही.

येताना पेंढा भरून, पूर्ण उतार इंजिन ब्रेकवर. माझं सगळं लक्ष त्या लाल दिव्यावर. लागला नाही. परत वर गेलो, परत उतरलो, तिसऱ्यांदा मामांनी चालवली आणि मी दिव्याजवळ डोकं नेऊन बसलो. नाही लागला.

राहिलेलं: मागचे ब्रेक शू बदलायचे, आता वजन घेऊन वेगाने उतरते. पुढच्या शाफ्टच्या जॉइंटमध्ये वळताना टक-टक येतेय, ती आधीपासूनची की नवी ते बघायचं. दहा तास चालली की पहिलं तेल बदलायचं आणि जुनं फडक्यातून गाळून त्यात काय सापडतं ते बघायचं.

बेल हाउसिंगच्या खाली एक ओला डाग दिसतोय. मागचं सील असू शकतं. खाली पुठ्ठा टाकून ठेवलाय, पहाटे थेंब मोजतो.